घरगुती जाल-साठवण यंत्र

घरगुती जाल-साठवण यंत्र : घरातील किंवा लहान कार्यालयातील संगणक, दूरचित्रवाणी संच, मोबाइल फोन इ. साधनांना स्थानिक जालावरून एकाच वेळी वापरता येईल अशा रीतीने माहिती साठविणारे व पुरविणारे यंत्र. व्यवहारात ते ‘नॅस’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. कुटुंबाची छायाचित्रे, चलच्चित्रे, ध्वनिमुद्रणे, जमीनजुमल्याची व करविषयक कागदपत्रे, विद्यार्थ्यांचे व संशोधकांचे लेखन अशी विविध माहिती एका ठिकाणी राहते आणि हवी तेव्हा सापडते, हा या यंत्राचा मुख्य उपयोग होय. तथापि याच गुणामुळे एक धोकाही निर्माण होतो. पूर्वी निरनिराळ्या संगणकांत विखुरलेली माहिती एका पेटीत एकवटते आणि त्या पेटीस अपाय झाल्यास ती सर्वच एकदम नष्ट होऊ शकते. यंत्रातील डिस्क कालांतराने जुन्या होतात किंवा अपुऱ्या पडतात व त्या बदलाव्या लागतात. डिस्क बदलण्याचा काळ हाच साठविलेल्या माहितीच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा असतो. त्यामुळे डिस्कांची क्षमता वाढविणे आणि माहितीच्या राखीव प्रती ठेवणे या दोन कामांचा विचार एकत्रच करावा लागतो.

रचना व कार्य : यंत्राच्या पेटीत एक ते आठ किंवा त्याहून अधिक कप्पे असतात व प्रत्येक कप्प्यात एक हार्ड डिस्क बसविता येते. घरगुती वापरात दोन किंवा चार कप्प्यांची यंत्रे विशेष प्रचलित आहेत. पेटीत डिस्कांखेरीज प्रक्रियक, स्मृती व जालाची जोडणी असलेला एक लहान संगणक असतो. त्यावर बहुधा लिनक्स किंवा तत्सम प्रणाली चालते. या प्रणालीची तीन कामे असतात : अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांचा एक संच बनविणे, त्या संचावर फाइल प्रणालीची मांडणी करणे आणि जालावरील इतर साधनांकडून येणाऱ्या मागण्या पुरविणे. वापरणाऱ्याच्या संगणकावर हा सारा साठा एखाद्या नेहमीच्या कप्प्यासारखा दिसतो. तो कोणत्या डिस्कवर, कोणत्या तुकड्यांत विभागलेला आहे हे त्यास जाणवत नाही. प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र परवलीचा शब्द देऊन कोणती माहिती कोणी वाचावी व कोणी बदलावी, हेही ठरविता येते.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटास साधारणतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे या वेगाने फिरतात. वाचन-लेखन शीर्ष तबकडीच्या पृष्ठभागास स्पर्श न करता त्यावरून अत्यंत कमी अंतराने तरंगत जाते. ही यांत्रिक रचना स्वस्त व मोठ्या क्षमतेची असली, तरी धक्का, कंप, उष्णता व झीज यांपासून ती मुक्त नाही. फिरते भाग नसलेल्या घनावस्था डिस्कही या यंत्रांत वापरतात. मात्र मोठ्या साठ्यासाठी त्या अद्याप महाग पडतात. [⟶ संगणक].

इतिहास : आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणलेल्या रॅमॅक या संगणकाबरोबरचे ३५० क्रमांकाचे साठवण उपकरण हे पहिले व्यापारी डिस्क-यंत्र होय. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्यांवर सु. ५० लाख वर्ण मावत असत. १९८० नंतर लहान संगणकांचा प्रसार झाल्यावर अनेक संगणकांनी एकच डिस्क वापरण्याच्या पद्धती पुढे आल्या. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस ही पद्धत प्रचारात आणली. त्याच सुमारास आयबीएममध्ये एसएमबी ही दुसरी पद्धत विकसित झाली व पुढे ती विंडोज प्रणालीत रूढ झाली. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन संगणकतज्ञाने १९९२ च्या सुमारास ‘सांबा’ ही मुक्त प्रणाली तयार केली. तिच्यामुळे विंडोज नसलेल्या यंत्रांनाही विंडोज संगणकांस फाइली पुरविणे शक्य झाले. आजची घरगुती यंत्रे बव्हंशी याच प्रणालीवर अवलंबून आहेत.

केवळ फाइली पुरविण्यासाठी बनविलेली स्वतंत्र यंत्रे १९८० नंतरच्या दशकाअखेर मोठ्या संस्थांसाठी निघू लागली. घरगुती आवृत्त्या २००० नंतर आल्या. लिंकसिस कंपनीचे २००४ मधील एनएसएलयू-२ हे छोटे उपकरण हौशी लोकांत विशेष लोकप्रिय झाले. सिनॉलॉजी व क्यूनॅप या तैवानमधील कंपन्यांची यंत्रे त्यानंतर जगभर पसरली. जुन्या संगणकासच असे यंत्र बनवू इच्छिणाऱ्यांसाठी २००५ मध्ये फ्रीनॅस ही मुक्त प्रणाली उपलब्ध झाली. दरम्यान डिस्कांची क्षमता झपाट्याने वाढत गेली. १ टेराबाइट क्षमतेची हार्ड डिस्क प्रथम २००७ मध्ये विक्रीस आली, तर २०२५ पर्यंत ही क्षमता ३० टेराबाइटपर्यंत पोहोचली. डिस्कवरून माहिती वाचण्याचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही. डिस्क बदलताना उद्भवणाऱ्या अनेक अडचणींचे मूळ या तफावतीत आहे.

डिस्कांचे संच : एकाहून अधिक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतींना ‘रेड’ ही संज्ञा आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे ही संज्ञा रूढ झाली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरून अधिक वेग व विश्वसनीयता मिळविता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

‘रेड ०’ या प्रकारात माहितीचे तुकडे करून ते सर्व डिस्कांवर वाटून ठेवतात. यात वेग व क्षमता मिळते. परंतु एकही डिस्क निकामी झाल्यास सर्व माहिती जाते. ‘रेड १’ मध्ये प्रत्येक गोष्ट दोन डिस्कांवर जशीच्या तशी लिहिली जाते. ४ टेराबाइटच्या दोन डिस्क वापरल्यास उपयुक्त क्षमता ४ टेराबाइटच मिळते. पण एक डिस्क गेली तरी दुसरीवर सर्व माहिती शाबूत असते.

‘रेड ५’ या प्रकारास किमान तीन डिस्क लागतात. त्यात माहितीबरोबर पडताळा-अंक किंवा पॅरिटी साठवितात. तिचे तत्त्व सोपे आहे. समजा, पहिल्या डिस्कवर १०११ व दुसरीवर ०११० हे बिट आहेत. दोहोंतील ज्या स्थानी बिट भिन्न असतील तेथे १ व सारखे असतील तेथे ० लिहिल्यास ११०१ हा पडताळा-अंक मिळतो व तो तिसऱ्या डिस्कवर लिहितात. आता दुसरी डिस्क नष्ट झाली, तर १०११ व ११०१ यांवर हीच क्रिया पुन्हा करून ०११० हे गमावलेले बिट परत मिळविता येतात. पडताळा-अंक एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कांवर आळीपाळीने ठेवतात. त्यांसाठी एका डिस्कइतकी जागा खर्ची पडते. उदा., ४ टेराबाइटच्या चार डिस्कांत १२ टेराबाइट जागा मिळते. ‘रेड ६’ मध्ये दोन प्रकारचे पडताळा-अंक ठेवतात. त्यामुळे एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तरी माहिती वाचते, मात्र वरील उदाहरणात उपयुक्त क्षमता ८ टेराबाइट राहते.

या सर्व प्रकारांत संचाची क्षमता त्यातील सर्वांत लहान डिस्कवरून ठरते. निरनिराळ्या क्षमतेच्या डिस्कांची जागा वाया जाऊ नये म्हणून काही कंपन्यांनी संमिश्र पद्धती काढल्या आहेत. सिनॉलॉजीच्या संमिश्र पद्धतीत ४, ४, ८ व ८ टेराबाइटच्या चार डिस्क असल्यास १६ टेराबाइट जागा मिळते. याच डिस्कांचा साधा ‘रेड ५’ संच केल्यास ती १२ टेराबाइटच मिळेल. यंत्राने दाखविलेली क्षमता डिस्कच्या वेष्टनावरील आकड्यापेक्षा कमी दिसण्याचे कारण मात्र वेगळे आहे. उत्पादक १ टेराबाइट म्हणजे १०^१२ बाइट मानतात, तर अनेक संगणक प्रणाली २^४० बाइटांचे एकक वापरतात. त्यामुळे ४ टेराबाइटची डिस्क ३·६४ इतकी दिसते. यात जागेची कोणतीही घट नसते.

डिस्क निकामी होण्याची लक्षणे : बहुतेक डिस्कांत आपल्या प्रकृतीची नोंद ठेवणारी ‘स्मार्ट’ नावाची व्यवस्था असते. खराब झाल्यामुळे बदललेल्या भागांची संख्या, वाचता न आल्यामुळे निर्णय प्रलंबित असलेले भाग, तापमान व एकूण चालू तास इ. नोंदी तीत मिळतात. पहिल्या दोन नोंदींत शून्याहून अधिक व वाढत जाणारा आकडा दिसल्यास ती डिस्क लवकर बदलणे इष्ट असते. तथापि या व्यवस्थेवर पूर्ण विसंबता येत नाही. गूगल कंपनीतील संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांत सर्वांत सूचक अशा चार नोंदींपैकी एकीतही आधी काही दिसले नव्हते. याचा अर्थ निम्म्याहून अधिक वेळा पूर्वसूचना मिळत नाही. शिवाय एकाच वेळी खरेदी केलेल्या, एकाच उत्पादन-गटातील डिस्क सारख्याच तापमानात व सारख्याच कामात झिजत असल्याने त्या एकमेकींच्या मागोमाग निकामी होण्याचा संभव असतो.

डिस्कवरील एखादा बिट नकळत बदलणे हा दोष बराच काळ उघडकीस येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा सर्व डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत वाचून पडताळण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. झेडएफएस व बीटीआरएफएस या फाइल प्रणाली प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची तपासणी-बेरीज ठेवतात. त्यामुळे कोणती प्रत बिघडली हे कळून चांगल्या प्रतीवरून ती दुरुस्त करता येते.

क्षमतावृद्धी : साठा सु. ८० टक्के भरल्यावर क्षमता वाढविण्याचा विचार करणे योग्य ठरते. रिकामा कप्पा असल्यास त्यात नवी डिस्क घालून संच वाढविणे हा सर्वांत सुलभ मार्ग होय. ही सोय लिनक्सवरील नेहमीच्या ‘रेड ५’ संचात पूर्वीपासून आहे. झेडएफएस प्रणालीत मात्र असा संच एकेका डिस्कने वाढविणे ओपनझेडएफएसच्या जानेवारी २०२५ मधील २·३ या आवृत्तीपासून शक्य झाले.

सर्व कप्पे भरलेले असल्यास जुन्या डिस्क काढून तेथे मोठ्या डिस्क बसवाव्या लागतात. प्रचलित पद्धतीत एक जुनी डिस्क काढतात, तिच्या जागी नवी घालतात व उरलेल्या डिस्कांवरील माहितीवरून नवीवरील मजकुराची पुनर्बांधणी होऊ देतात. ती पूर्ण झाल्यावरच दुसरी डिस्क बदलतात. चार डिस्कांच्या ‘रेड ५’ संचात अशा चार फेऱ्या होतात व अखेरची फेरी संपल्यावरच वाढीव जागा वापरता येते. ४ टेराबाइटऐवजी ८ टेराबाइटच्या डिस्क बसविल्यास क्षमता १२ वरून २४ टेराबाइट होते. संमिश्र पद्धतीत दोन डिस्क बदलल्यानंतरच काही वाढीव जागा मिळू लागते.

या पद्धतीतील जोखीम समजून घेणे आवश्यक आहे. ‘रेड ५’ संचातून एक डिस्क काढली की पुनर्बांधणी संपेपर्यंत त्या संचास कोणतेच संरक्षण उरत नाही. हा काळ थोडा नसतो. सेकंदास सरासरी २०० मेगाबाइट या वेगाने ८ टेराबाइट लिहिण्यास सु. ११ तास लागतात. त्याच वेळी यंत्राचा इतर वापर चालू असल्यास याहून कितीतरी अधिक वेळ जातो. या सर्व काळात जुन्या व झिजलेल्या डिस्क अखंड वाचल्या जातात. म्हणजे ज्या डिस्कांवर भरवसा कमी, त्यांच्यावरच सर्वाधिक ताण पडतो. घरगुती डिस्कांच्या तपशिलात १०^१४ बिट वाचताना फार तर एकदा वाचन अशक्य होईल, अशी मर्यादा पुष्कळदा दिलेली असते. १०^१४ बिट म्हणजे १२·५ टेराबाइट. ४ टेराबाइटच्या तीन डिस्क एकदा वाचणे म्हणजे १२ टेराबाइट वाचणे होय. प्रत्यक्षात डिस्क या कमाल मर्यादेपेक्षा बऱ्याच चांगल्या ठरतात. तरीही अशा चार फेऱ्या निर्वेध पार पडतीलच, असे गृहीत धरता येत नाही. ‘रेड ६’ संचात एक डिस्क काढल्यावरही एका डिस्कइतके संरक्षण शिल्लक राहते. त्यामुळे मोठ्या डिस्कांसाठी तो प्रकार अधिक सुरक्षित समजतात.

काढलेल्या जुन्या डिस्कविषयीही गैरसमज आढळतो. ‘रेड १’ संचातून काढलेल्या डिस्कवर त्या क्षणापर्यंतची सर्व माहिती असते. ‘रेड ५’ संचातून काढलेल्या एकट्या डिस्कवर मात्र केवळ तुकडे व पडताळा-अंक असतात. तिच्यावरून एखादे सबंध छायाचित्रही परत मिळेलच असे नाही. पुनर्बांधणीच्या काळात संचात नवे लेखन झालेले असल्यास ती डिस्क परत घालून पूर्वस्थिती आणणेही अवघड होते. म्हणून या काळात यंत्रावर काहीही नवे न लिहिणे हितावह असते. रिकामा कप्पा असल्यास जुनी डिस्क संचात ठेवूनच नवीवर तिची प्रत करण्याची सोय अनेक प्रणालींत असते. शक्य असेल तेथे तीच वापरावी.

दुसरी पद्धत अशी : सर्व माहितीची राखीव प्रत करून ती पडताळावी, सर्व जुन्या डिस्क एकदम काढाव्यात, नव्या डिस्कांचा नवा संच तयार करावा आणि त्यावर राखीव प्रतीवरून माहिती भरावी. यात यंत्र काही काळ बंद ठेवावे लागते. परंतु जुन्या डिस्कांवर चार वेळा ताण पडत नाही व त्यांचा संच क्रमाने बाजूस ठेवल्यास तीही एक जास्तीची प्रत होते. शिवाय राखीव प्रतीवरून माहिती खरोखरच परत मिळते की नाही, हेही या निमित्ताने सिद्ध होते.

डिस्कांची निवड : नवी डिस्क घेण्यापूर्वी यंत्राच्या उत्पादकाने दिलेली अनुरूप डिस्कांची यादी पाहणे आवश्यक असते. जुन्या यंत्रांत डिस्कच्या वा एकूण साठ्याच्या आकारास मर्यादा असते, उदा., काही जुन्या यंत्रांत सलग साठा १६ टेराबाइटच्या पलीकडे नेता येत नाही. उत्पादकांची धोरणेही बदलतात. सिनॉलॉजीने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या प्लस मालिकेतील नव्या यंत्रांत इतर कंपन्यांच्या डिस्क वापरण्यावर बंधने घातली होती. ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिथिल केली.

साध्या संगणकासाठी बनविलेली डिस्क एखादा खराब भाग वाचण्याचा दीर्घकाळ प्रयत्न करीत राहते. तोवर उत्तर न आल्याने यंत्र तिला निकामी समजून संचाबाहेर काढू शकते. संचासाठी बनविलेल्या डिस्क सु. ७ सेकंदांत प्रयत्न सोडून तसे कळवितात व यंत्र तो भाग इतर डिस्कांवरून मिळविते. डिस्कवर मार्ग कसे आखलेले आहेत, हेही महत्त्वाचे असते. काही डिस्कांत अधिक माहिती मावावी म्हणून चुंबकीय मार्ग छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. अशा डिस्कवर एक मार्ग बदलावयाचा झाल्यास शेजारचे मार्गही पुन्हा लिहावे लागतात. त्यामुळे पुनर्बांधणीसारख्या दीर्घ लेखनात तिचा वेग फार घटतो. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या रेड मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क या प्रकारच्या असल्याचे एप्रिल २०२० मध्ये उघड झाले. ही गोष्ट ग्राहकांस आधी सांगितली नव्हती. त्यानंतर कंपनीने नेहमीच्या मार्गरचनेच्या डिस्क ‘रेड प्लस’ या वेगळ्या नावाने विकण्यास प्रारंभ केला. नवी डिस्क संचात घालण्यापूर्वी तिची संपूर्ण वाचन-लेखन चाचणी घेणे चांगले. कारण काही डिस्क वापराच्या अगदी आरंभीच निकामी होतात.

राखीव प्रती : संचातील जास्तीची डिस्क व राखीव प्रत किंवा बॅकअप या दोन भिन्न गोष्टी आहेत. डिस्क निकामी झाली तरी काम अखंड चालू रहावे, एवढाच संचाचा हेतू असतो. चुकून पुसलेली फाइल संचातील सर्व डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. वीज कोसळणे, आग, पूर, चोरी, यंत्रातील विद्युत्‌ पुरवठा भागाचा बिघाड व दुष्ट प्रणालींचा हल्ला यांचा परिणाम सर्व डिस्कांवर एकदमच होतो. अशा प्रसंगी ‘रेड’ संचाचा काहीच उपयोग होत नाही.

याची अनेक उदाहरणे आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘सायनोलॉकर’, एप्रिल २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ व जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रणालींनी घरगुती व लहान कार्यालयांतील यंत्रांवरील फाइली कुलूपबंद करून त्या सोडविण्यासाठी बिटकॉइनच्या रूपात खंडणी मागितली. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या यंत्रांवरील माहिती आंतरजालावरून परस्पर पुसली गेली. या यंत्रांच्या प्रणालीत २०१५ नंतर कोणतीही सुधारणा करण्यात आली नव्हती. म्हणून यंत्र आंतरजालास थेट खुले न ठेवणे, प्रणाली अद्ययावत ठेवणे व उत्पादकाने पाठिंबा काढून घेतलेले यंत्र बदलणे हेही संरक्षणाचेच भाग होत. उत्पादकच बंद पडल्यास वेगळी अडचण येते. ड्रोबो या नावाने २००७ पासून विकली जाणारी यंत्रे स्वतःच्या खास मांडणीने माहिती साठवीत व तिच्या डिस्क अन्य यंत्रांत वाचता येत नसत. तिच्या मालक कंपनीने २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढील वर्षी ती अवसायनात निघाली. ज्यांच्याजवळ स्वतंत्र प्रती नव्हत्या, त्यांची माहिती त्या पेटीच्या आयुष्याशी बांधली गेली.

राखीव प्रतींविषयी ‘तीन-दोन-एक’ हा नियम सर्वमान्य आहे. तो अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रो यांच्या लेखनामुळे लोकप्रिय झाला. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात व एक प्रत अन्य स्थळी असावी, असा हा नियम आहे. घरगुती वापरात यंत्रावरील मूळ साठा ही पहिली प्रत, एखाद्या बाह्य डिस्कवरील दुसरी व नातेवाइकांच्या घरी किंवा आंतरजालावरील साठवण-सेवेत ठेवलेली तिसरी, अशी योजना करता येते. बाह्य डिस्क प्रत घेण्यापुरतीच जोडावी. कायम जोडून ठेवल्यास खंडणीखोर प्रणाली तिच्यापर्यंतही पोहोचते.

अन्य स्थळीच्या प्रतीचे महत्त्व नैसर्गिक आपत्तींत दिसून येते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला व असंख्य घरे आणि कार्यालये पाण्याखाली गेली. अशा वेळी एकाच कपाटातील यंत्र व बाह्य डिस्क ही दोन्ही सारखीच जातात. आंतरजालावरील सेवाही सर्वस्वी निर्धोक नसतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या माहिती-केंद्रास आग लागली. तेव्हा तेथेच मूळ साठा व राखीव प्रत असलेल्या ग्राहकांची माहिती कायमची गेली. अशा सेवेत माहिती पाठविण्यास लागणारा वेळही हिशेबात धरावा लागतो. सेकंदास २० मेगाबिट या वेगाने २ टेराबाइट माहिती पाठविण्यास सु. ९ दिवस लागतात. म्हणून पहिली संपूर्ण प्रत बाह्य डिस्कवर करून ती दुसऱ्या घरी न्यावी व नंतरचे बदल तेवढे जालावरून पाठवावेत, ही रीत सोयीची ठरते. परक्या ठिकाणी ठेवावयाची प्रत कूटबद्ध केलेली असावी. तिची किल्ली मात्र त्या यंत्रातच न ठेवता घरातील दुसऱ्या जबाबदार व्यक्तीसही ठाऊक असेल अशा ठिकाणी ठेवावी लागते.

प्रत घेण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. जुळवणीच्या प्रकारात मूळ साठ्यातील प्रत्येक बदल दुसऱ्या ठिकाणी लगेच होतो. त्यामुळे चूकही लगेच तेथे पोहोचते. आवृत्तीवार प्रतीत प्रत्येक वेळी झालेले बदल स्वतंत्रपणे ठेवतात व मागील कोणत्याही दिवसाची स्थिती परत मिळविता येते. राखीव प्रत म्हणून दुसरा प्रकारच ग्राह्य होय. काही फाइल प्रणालींत साठ्याची एखाद्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवता येते. अशा क्षणप्रती चुकून पुसलेल्या फाइलीवर उत्तम उपाय आहेत. मात्र त्या त्याच डिस्कांवर असल्याने स्वतंत्र प्रतीची जागा घेऊ शकत नाहीत.

पडताळणी : जी प्रत परत वाचून पाहिलेली नाही, ती असल्याची खात्री देता येत नाही. पिक्सार या चित्रपटसंस्थेत १९९८ मध्ये टॉय स्टोरी २ या चित्रपटाच्या फाइली चुकीच्या आज्ञेमुळे पुसल्या गेल्या व राखीव प्रतीही सदोष असल्याचे तेव्हाच लक्षात आले. एका तंत्र-दिग्दर्शिकेने घरून काम करण्यासाठी नेलेल्या प्रतीमुळे बराचसा भाग परत मिळाला. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मुख्य साठ्याचा भाग चुकून पुसला गेला. तेव्हा प्रत घेण्याच्या अनेक व्यवस्थांपैकी बहुतेक निरुपयोगी ठरल्या आणि सु. सहा तासांची माहिती कायमची गमवावी लागली. जेथे तज्ञांचा ताफा आहे तेथेही असे घडते. म्हणून घरगुती वापरातही वर्षातून दोन-तीनदा काही फाइली प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर आणून उघडून पाहणे, आणि डिस्क बदलण्यापूर्वी तर हे अवश्य करणे, आवश्यक असते.

वीजपुरवठा व निगा : माहिती व तिचा पडताळा-अंक यांपैकी एकच लिहून झालेले असताना वीज गेल्यास दोहोंत विसंगती राहते व पुढे पुनर्बांधणीच्या वेळी चुकीची माहिती तयार होण्याचा संभव असतो. त्यामुळे वीज वारंवार खंडित होणाऱ्या भागात यंत्रास यूपीएस जोडणे इष्ट असते. दोन्ही एका तारेने जोडल्यास वीज गेल्यावर यंत्र स्वतःहून व्यवस्थित बंद होते. पुनर्बांधणी चालू असताना ही सोय विशेष महत्त्वाची ठरते. यंत्र हवेशीर जागी, जमिनीपासून उंच व उन्हापासून दूर ठेवावे आणि त्याचा पंखा व जाळी वेळोवेळी स्वच्छ करावी. प्रत्येक डिस्कवर कप्प्याचा क्रमांक, अनुक्रमांक व खरेदीची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावल्यास निकामी डिस्कऐवजी चुकून चांगली डिस्क काढली जाण्याची आपत्ती टळते.

जुन्या डिस्कांची विल्हेवाट : नवा संच काही आठवडे सुरळीत चालून त्याची राखीव प्रत तयार होईपर्यंत जुन्या डिस्क पुसू नयेत. त्यानंतर त्यांतील सुस्थितीत असलेल्या डिस्क राखीव प्रतीसाठी वापरता येतात. विकावयाच्या किंवा टाकावयाच्या डिस्कांवरील फाइली केवळ नाहीशा करणे पुरेसे नसते. कारण तशा फाइली सहज परत मिळविता येतात. संपूर्ण डिस्कवर एकदा नवे लेखन केल्यास आधुनिक हार्ड डिस्कवरील जुनी माहिती सर्वसाधारणपणे परत मिळत नाही. चालतच नसलेल्या डिस्कच्या तबकड्या मोडाव्या लागतात. भारतात अशा वस्तू इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात मोडतात. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अन्वये असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण संस्थांकडे जाणे अपेक्षित आहे.